हवा, पेट्रोल, ठिणगी... आणि आजोबा

इंजिन सुरू व्हायला तीन गोष्टी लागतात : हवा आणि पेट्रोलचं योग्य मिश्रण, पुरेसा दाब आणि योग्य क्षणी पडणारी ठिणगी. मेकॅनिकलच्या कुठल्याही विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारा, तो हे वाक्य घडाघडा म्हणून दाखवेल. ओटोसाहेबांनी १८७६ साली चार स्ट्रोकचं इंजिन चालवून दाखवलं तेव्हापासून या तीन गोष्टींत फारसा फरक पडलेला नाही. व्हायवाला एक्स्टर्नलनी विचारलं तर मार्क खिशात! पण "इंजिन सुरू होत नसेल तर काय बघशील?" असं विचारलं की आमच्यातले निम्मे जण छताकडे बघतात. कारण लॅबमधलं इंजिन लॅब असिस्टंट काका आधीच सुरू करून ठेवतात. आपण फक्त रीडिंग घ्यायची आणि ग्राफ काढायचा... तोही बऱ्याचदा मागच्या बॅचच्या जर्नलमधून.

तर मंडळी, हा लेख अशाच एका हट्टी इंजिनाबद्दल आहे. आधीच सांगून ठेवते, मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी होतं ते फक्त पेपर लिहिण्यापुरतं, आणि कॉलेजात तर "टॅपेट", "जेट", "क्लिअरन्स" या शब्दांना मराठीत काय म्हणतात हा प्रश्नच कधी पडला नाही. पण या इंजिनाबद्दल जे काही बोलणं झालं ते सगळं मराठीतच झालं. त्यामुळे ते लिहायचं तर मराठीतच, असं ठरवलं.

रत्नागिरीजवळ गावी आमची हापूसची बाग आहे. बाग म्हणजे फार काही नाही, चाळीसएक कलमं. आजी-आजोबा दोघंच तिथे राहतात. आजोबा निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय शहात्तर. आंब्याला मोहोर यायच्या सुमाराला तुडतुडे आणि भुरीपासून तो वाचवायला फवारण्या कराव्या लागतात. एक मोहोर येण्याआधी, एक बोंगे फुटताना, आणि मग साधारण दोन-दोन आठवड्यांनी. वेळ चुकली तर मोहोर काळा पडतो, आणि वर्षाचं गणित तिथेच संपतं. त्यासाठी आमच्याकडे एक फवारणी पंप आहे. चाकांच्या गाड्यावर बसवलेला, वर दोरी ओढून सुरू करायचं एक सिलिंडरचं, चार स्ट्रोकचं, १६३ सीसीचं पेट्रोल इंजिन. वय वर्षं चौदा. त्याच्यावरचं कंपनीचं नाव खाऱ्या हवेने कधीच खाऊन टाकलंय.

फवारणीला दोन माणसं लागतात. गडी लांब नळी आणि गन घेऊन झाडापाशी असतो, आणि आजोबा पंपापाशी. पिंपात पाणी भरायचं, इंजिन बंद करायचं, गाडा पुढच्या कलमांपाशी न्यायचा, इंजिन पुन्हा सुरू करायचं. असं दिवसातून सात-आठ वेळा. बाकी सगळी कामं आजोबांनी हळूहळू दुसऱ्यांवर सोपवली होती, पण पंप मात्र त्यांचा. आणि गेली दोन वर्षं त्यांना तो सुरू करता येईनासा झाला होता. सकाळी पंचवीस-तीस वेळा दोरी ओढायची, मध्ये बांधावर बसायचं, पुन्हा ओढायची. गेल्या मोसमात दोनदा गड्याला झाडापासून परत यावं लागलं. आजीने हे फोनवर बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "मशीन भंगारात द्या, आणि बाग कराराने देऊन टाका. दोघंही ठाण्याला या. किती दिवस ओढणार?"

शेवटचं वाक्य दोरीबद्दल होतं की आणखी कशाबद्दल, ते मला माहीत नाही. पण डिसेंबर २०२५ मध्ये सेमिस्टरची परीक्षा संपवून मी गावी गेले तेव्हा आजोबांनी ते फारच मनाला लावून घेतलेलं दिसलं. बाबा शनिवारी, २७ तारखेला येणार होते. मी सोमवारी सकाळी तिथे होते. "मेकॅनिकलला आहेस ना, बघ काय होतंय का," असं आजी म्हणाली. आजोबा काहीच म्हणाले नाहीत.

पहिली अडचण लगेच कळली. इंजिन गार असतानाच नखरे करायचं. एकदा सुरू झालं की बऱ्यापैकी चालायचं. म्हणजे खरी परीक्षा फक्त सकाळी पहिल्यांदा सुरू करताना. एकदा तापलं की त्या दिवसाचं रीडिंग संपलं! आयसी इंजिनच्या प्रॅक्टिकलला एका तासात दहा रीडिंग मिळतात, इथे दिवसाला एक. म्हणून ठरवलं की दुपारी एकच गोष्ट दुरुस्त करायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फरक बघायचा. एकदम चार गोष्टी बदलल्या आणि मशीन सुरू झालं, तर कशामुळे झालं ते कधीच कळत नाही. दोरी दर वेळी मीच ओढणार, मोजणार आजोबा. आजोबांनी त्यांच्या जुन्या सवयीप्रमाणे वहीत रकाने आखले : तार, वार, ओढी, शेरा.

सोमवारी सकाळी : सव्वीस ओढी. शेरा : "चि. नातीस घाम आला."

आता कुठून सुरुवात करायची? माझ्या मते सोपं, फुकट आणि कमी उघडावं लागेल ते आधी. म्हणून पहिला संशय पेट्रोलवर. टाकीत मागच्या फवारणीचं, म्हणजे फेब्रुवारीतलं पेट्रोल तसंच होतं. जवळजवळ दहा महिने! त्यात मधे कोकणातला पावसाळा. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, गोठ्यात चामड्याच्या चपलेलाही बुरशी येते, मग पेट्रोलने काय पाप केलंय? त्यातून आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. २०२५ साली आपल्या देशाने २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य गाठलं. नव्या गाड्या त्या हिशोबाने बनवलेल्या असतात, पण या पंपाच्या पुस्तकात १० टक्क्यांपर्यंतच परवानगी लिहिलेली आहे. इथेनॉलला पाण्याची भारी ओढ. हवेतली ओल ते शोषून घेतं, आणि पाणी एका मर्यादेपेक्षा जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. आणि कार्ब्युरेटरला पेट्रोल मिळतं ते टाकीच्या तळातूनच!

हे पुस्तकात वाचलं होतं, पण डोळ्यांनी बघणं वेगळं. कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीचा स्क्रू सैल करून मी सगळं एका रिकाम्या काचेच्या बाटलीत उतरवलं आणि बाटली पडवीच्या कठड्यावर ठेवली. थोड्या वेळाने वर पिवळसर पेट्रोल आणि खाली दोन बोटं गढूळ थर. मध्ये रेघ इतकी स्पष्ट की आजोबा म्हणाले, "शाळेत तेल-पाण्याचा प्रयोग दाखवायचो, तसंच की गो हे!"

वाटी पूर्ण काढली तर आत तपकिरी, चिकट थर. पेट्रोल उडून गेलं की मागे डिंकासारखं जे उरतं, ते. मुख्य जेट निदान डोळ्यांना दिसतो, पण गार इंजिन सुरू करायला आणि हळू चालवायला जो लहान पायलट जेट असतो, त्याचं छिद्र केसापेक्षा थोडंसंच मोठं. उजेडाकडे धरून बघितलं तर आरपार काहीच दिसेना. इथे एक सूचना : जेटमध्ये सुई किंवा टाचणी घालायची नाही. जेट पितळेचा असतो, छिद्र मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं. मी जुन्या वायरमधली तांब्याची एक तार काढून अलगद फिरवली, कार्ब क्लीनरचा फवारा मारला आणि फुंकून बघितलं. छिद्रातून उजेडाचा ठिपका दिसला तेव्हा मला बारावीचा निकाल लागल्यासारखं वाटलं. टाकी धुतली, गाळणी साफ केली, ताजं पेट्रोल भरलं. एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवला. टाकीच्या झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असतं, ते कुंभारमाशीने मातीने लिंपून टाकलेलं होतं, तेही मोकळं केलं. (हे भोक बुजलं तर इंजिन सुरू होतं आणि पाच-दहा मिनिटांत गुदमरून बंद पडतं. कार्ब्युरेटर उघडण्याआधी नेहमी झाकण सैल करून बघावं!)

मंगळवारी सकाळी : बारा ओढी. शेरा : "प्रगती समाधानकारक."

सव्वीसचे बारा म्हणजे निम्म्याहून कमी. इथे थांबायचा मोह झाला. पण आजोबांनी तापलेलं इंजिन बंद करून स्वतः एकदा दोरी ओढून बघितली. अर्ध्यावर आली आणि थांबली. त्यांनी दोरी हळूच परत जाऊ दिली आणि खांदा चोळत म्हणाले, "छान झालंय." त्यांच्या त्या "छान"वर माझा विश्वास बसला नाही.

दुपारी ठिणगी. या छोट्या इंजिनांना बॅटरी नसते. फ्लायव्हीलमध्ये लोहचुंबक बसवलेलं असतं, ते कॉइलसमोरून वेगाने गेलं की वीज तयार होते. फॅरडेने १८३१ साली दाखवलं तेच तत्त्व, आणि आपल्याला बारावीत होतं ते सूत्रही तेच : चुंबकीय फ्लक्स जितक्या वेगाने बदलेल तितका व्होल्टेज जास्त. म्हणजेच दोरी जितकी झटक्यात ओढाल तितकी ठिणगी जोरदार. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी ऑइल बघितलं, कारण अशा बऱ्याच इंजिनांत ऑइल कमी झालं की ठिणगी आपोआप बंद करणारी सोय असते. गाडा उतारावर उभा असेल तर पुरेसं ऑइल असूनही ती फसते. मग माणूस दिवसभर दोरी ओढत बसतो आणि प्लगला शिव्या देतो! आमचं ऑइल ठीक होतं, गाडा सपाट खळ्यात होता. प्लग काढला. काजळी धरलेली, आणि फट एक मिलिमीटरच्या वर गेलेली. असायला हवी ०.७ ते ०.८. तालुक्याहून नवीन प्लग आणला, फट मोजून बसवली. फ्लायव्हीलच्या चुंबकावर गंज होता, तो बारीक पॉलिश पेपरने घासला. मग प्लग टोपीत घालून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवून धरला, प्लगच्या भोकापासून आणि पेट्रोलपासून लांब, आणि आजोबांना म्हणाले, "आजोबा, तुम्ही ओढा, मी ठिणगी बघते."

आजोबांनी ओढली. सर्रकन, पूर्ण. निळी, चटचटीत ठिणगी. परत ओढली. परत निळी. आजोबा जरा चकित होऊन दोरीकडे बघत राहिले. मी मात्र "स्पार्क ओके!" म्हणून टिकमार्क केला आणि पुढे गेले.

बुधवारी सकाळी : दहा ओढी. शेरा : "जैसे थे म्हणावे असे."

नवा प्लग, निळी ठिणगी, ताजं पेट्रोल, साफ कार्ब्युरेटर, आणि तरीही दहा! त्या सकाळी मी पायरीवर चहा घेऊन बसले होते. आजी बाजूला नारळ सोलत होती. ती सहज म्हणाली, "आणि ते टिकटिक वाजतं, ते नाही गो बघितलंस? मशीन चालू असलं की माझ्या शिलाई मशीनसारखं वाजतं. पूर्वी नव्हतं वाजत."

पूर्वी म्हणजे कधी? आजीला आठवेना. पण आजोबांकडे प्रत्येक फवारणीची नोंद असते. औषध, प्रमाण, पिंपं, हवामान, मजुरी, सगळं. आम्ही २०२४ सालची वही काढली. जानेवारीत एक ओळ होती : "मशीन दुरुस्त होऊन आले. हेड उघडले होते म्हणतात. दोरी जड." पुढच्या फवारणीला पुन्हा : "दोरी जड." त्याच्या पुढच्या वेळी नुसतं "जड". आणि मग ती नोंद बंदच झाली.

"आजोबा, हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं, बाय? मला वाटलं, मीच."

मी काही बोलले नाही. पण तेव्हाच डोक्यात आदल्या दिवशीची ती ओढ आली. प्लग काढलेला असताना आजोबांनी दोरी सर्रकन ओढली होती. प्लग काढला की सिलिंडरला भोक पडतं, दाब तयारच होत नाही, म्हणून दोरी हलकी. हे तर कुठल्याही इंजिनाला खरं आहे. पण मग दुसरं काहीतरी समोर आलं : आपण ठिणगी तपासतो तीच मुळी दोरी हलकी असताना! प्लग बाहेर, फ्लायव्हील जोरात फिरतो, ठिणगी निळी. प्लग आत, दाब आडवा येतो, दोरी अर्ध्यावर अडखळते, फ्लायव्हील हळू फिरतो, आणि ठिणगी कशी पडते ते कुणालाच दिसत नाही. फॅरडेसाहेबांच्या हिशोबाने ती मरतुकडीच असणार. म्हणजे ठिणगीचा दोष नव्हताच, दोष होता दोरी जड असण्याचा. आणि दोरी इतकी जड असायला नको होती.

का नको? कारण या इंजिनात त्यासाठी एक फार सुंदर सोय असते. आमच्या सिलॅबसच्या पुस्तकात तिच्यावर एक ओळही नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. १६३ सीसी हवा दाबायला हाताला बरीच ताकद लागते. म्हणून कॅमशाफ्टवर एक छोटं वजन आणि स्प्रिंग बसवलेली असते. कॅमशाफ्ट हळू फिरत असताना, म्हणजे आपण दोरी ओढत असताना, ती कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वेळी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरते. थोडी हवा निसटते, दाब कमी होतो, दोरी हलकी लागते. इंजिन सुरू होऊन वेग वाढला की तेच वजन बाहेर फेकलं जातं, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होऊ लागतो आणि पूर्ण दाब मिळतो. ना बटण, ना खटका. माणसाचा हात आहे की इंजिन आहे, हे ते फिरण्याच्या वेगावरून ओळखतं!

पण ही उचल अगदी थोडी असते, मिलिमीटरच्या आतली. आता व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यात मुद्दाम एक बारीक फट ठेवलेली असते, कारण तापल्यावर धातू लांबतो. तिलाच आपण टॅपेट क्लिअरन्स म्हणतो. ही फट वाजवीपेक्षा मोठी झाली तर ती थोडीशी उचल त्या फटीतच संपते. व्हॉल्व्हपर्यंत काही पोचतच नाही. दोरी जड. आणि मोठ्या फटीमुळे रॉकर व्हॉल्व्हवर आपटत राहतो : टिक, टिक, टिक. आजीचं शिलाई मशीन!

आम्ही तालुक्याला एका रिक्षाच्या गॅरेजमधून फीलर गेज मागून आणलं. तिथले मेस्त्री म्हणाले, "ताई, संध्याकाळी परत पाहिजे हां." इंजिन पूर्ण गार होऊ दिलं. टॅपेटचं माप गार इंजिनावरच घ्यायचं. प्लग काढला, रॉकर कव्हरचे चार बोल्ट काढले. मग पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या अगदी वर आणायचा. प्लगच्या भोकात एक प्लास्टिकची स्ट्रॉ अलगद धरून हळूहळू फ्लायव्हील फिरवला. (खराट्याची हीर घालू नका, आत मोडली तर हेडच काढावं लागेल.) पिस्टन वर आल्यावर दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत ना ते बघायचं. एखादा उघडा असेल तर तो एक्झॉस्ट स्ट्रोक, अजून एक पूर्ण फेरा द्यायचा.

इनलेटची फट ०.१५ मिलिमीटर हवी, ती बरोबर निघाली. एक्झॉस्टची ०.२० हवी. ०.२० ची पाती घातली, ढिली. ०.३० ची, ढिली. मग दोन-दोन पात्या एकत्र करून घालत गेले. ०.५५ ला कुठे घसटली. पावणेतीन पट! आणि रॉकरचा लॉकनट बोटाने फिरत होता. दुरुस्तीत हेड उघडलं तेव्हा तो नीट आवळलाच गेला नसावा, आणि थरथरीने हळूहळू सैल होत गेला असावा. ज्यांनी केलं त्यांचं नाव इथे लिहिण्यात काही अर्थ नाही. मोसमात त्यांच्या दारात पंपांची रांग असते.

आजोबांना मी पाती धरायला दिली. "ही इथे सरकायला हवी, पण लोण्यातून नाही, वहीच्या पानांतून काढल्यासारखी." त्यांनी पाती धरली, मी नट फिरवला. "सैल... सैल... अजून... हां, आता लागते!" मी लॉकनट आवळला आणि पुन्हा एकदा तपासलं, कारण नट आवळताना फट हमखास थोडी बदलते. कव्हर बसवलं, प्लग लावला. दुपारचे साडेचार. पण इंजिन सुरू करायचं नाही, असा आम्हीच नियम केला होता. रीडिंग सकाळीच! आजोबांना रात्री झोप लागली नाही, असं आजीने नंतर सांगितलं.

गुरुवार, २५ डिसेंबर. शाळेत असताना या दिवशी आम्ही गाणी म्हणायचो, केक खायचो. या वर्षी मी सात वाजता गोठ्यासमोर उभी होते. चोक बंद, पेट्रोलची चावी उघडी. दोरी हळू ओढत नेली, जिथे हाताला अडतं तिथून परत जाऊ दिली, आणि मग एक झटका. नुसतं फुर्र झालं. दुसरा झटका... आणि सुरू! टिकटिक नाही. आजोबांनी वहीत "दोन" लिहिलं आणि शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला.

एका रीडिंगवरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे आम्हा इंजिनिअर लोकांना ठाऊक असतंच. म्हणून शुक्रवारी गार इंजिनावर आजोबांनी स्वतः ओढली. तिसऱ्या ओढीला सुरू झालं. खांदा दुखला का, असं मी विचारलं. "दुखला," ते म्हणाले, "पण खांद्यापुरताच." शहात्तर वर्षांचा खांदा शहात्तर वर्षांचाच राहणार. मी काही त्याची फट जुळवलेली नाही. पण वय किती आणि लॉकनट किती, याचा हिशोब निदान वेगवेगळा मांडता आला. दोन वर्षं घरातल्या सगळ्यांनी, अगदी आजोबांनीसुद्धा, सगळं वयाच्याच खात्यावर टाकलं होतं. कुणी फटीचं माप घेतलंच नव्हतं.

शनिवारी बाबा आले. रविवारी बोंगे फुटतानाची फवारणी होती. पंप दिवसभरात आठ वेळा बंद केला आणि आठ वेळा सुरू झाला. बाबा बांधावर बसून बघत होते. संध्याकाळी त्यांनी एवढंच विचारलं, "भंगारवाल्याला काही सांगितलं नाही ना अजून?" ठाण्याचा विषय संपला असं मी म्हणणार नाही. आजीचे गुडघे आहेत, तालुक्याचा दवाखाना लांब आहे, आणि बाबांची काळजी काही खोटी नाही. पण आता तो विषय निघेल तेव्हा त्यात पंपाचं नाव येणार नाही. जायचं की नाही ते त्यांचं ते ठरवतील, दोरी ओढवत नाही म्हणून नाही.

आता तुमच्यापैकी ज्यांच्या गावी किंवा सोसायटीत पंप, गवत कापायचं मशीन किंवा असं काही दोरीचं इंजिन असेल, त्यांच्यासाठी थोडक्यात. मोसम संपला की टाकी रिकामी करा. पेट्रोलची चावी बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. ठेवताना दोरी हळू ओढून जिथे अडते तिथे सोडा. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि ओल आत शिरत नाही. सायलेन्सरच्या तोंडाला फडकं बांधा, नाहीतर कुंभारमाशी घर करते, आणि सुरू करताना ते फडकं काढायचं लक्षात ठेवा! सुरू होत नसेल तर क्रम असा : पेट्रोल, हवा, ऑइल, ठिणगी, आणि शेवटी टॅपेट. एका वेळी एकच गोष्ट. आणि मशीन रोज वापरणारा माणूस "जड लागतं", "वेगळं वाजतं" असं काही म्हणाला, तर ते पहिल्या रकान्यात लिहून घ्या. तो म्हणत नसेल तर विचारा.

आमच्याकडे शेवटच्या फवारणीनंतर टाकी रिकामी करायचं आणि टॅपेट तपासायचं काम दर वर्षी माझं, असं वहीत लिहून ठेवण्यात आलं आहे. फीलर गेज आता मी स्वतःचं घेतलंय. सबमिशनच्या तारखा तेवढ्या त्या हिशोबाने ठेवाव्यात, ही एच.ओ.डी. सरांना नम्र विनंती!

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)